कत्तिरीतले कोट

४ मे १९६१

आजपासून कत्तिरी लागली. पंचांगवाले हिला अग्निनक्षत्र म्हणतात. हे साडेतीन आठवडे मद्रासेत माणूस भिंतीला चिकटून चालतो. पहाटेच गच्चीवर येऊन बसलो आहे, कारण नंतर इथल्या फरशीवर पाय ठेववणार नाही. खाली बायको, कनका, दारात कोलम घालते आहे आणि पिठाची रेघ ओढता ओढता मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणते आहे, "डोकीवर कांहीं घेऊन बसा. अस्क्यांस उपदेश करतां, आपलें डोकें मात्र उघडें."

अस्के म्हणजे सगळे. आमच्या वरच्या खोलीत राहणारा उमाकांत नागपूरचा आहे, आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात कारकून. आमचं हे तंजावरी मराठी ऐकलं की तो हसतो. "काका, तुमची घड्याळं तीनशे वर्षं मागं आहेत," म्हणतो. मी त्याला सांगितलं, रोज वापरातलं भांडं जुनं होत नाही.

दिवसभर माझ्या तोंडात तमिळ असतं. युनियनचा सेक्रेटरी म्हणून सभा तमिळमध्ये, भांडणं तमिळमध्ये, कचेरीत इंग्रजी. पण हे एक पान मराठीत लिहायचं असं वडिलांनी, अप्पांनी मला तंजावर सोडताना सांगितलं होतं. अप्पा हरिकथा करत. पुण्याहून टपालाने पुस्तकं मागवून त्यांनी मला लिहिण्याचं मराठी शिकवलं आणि बोलायचं कसं, ते त्यांच्यामागे उभं राहून मीच शिकलो. लोक म्हणतात सेतुमाधव तोफ आहे. तोफ ओतली तंजावरला.

यंदाची कत्तिरी वेगळी आहे. आमच्या ओतकारखान्यात भट्टीवरची माणसं पहिल्यांदाच कोट घालून उन्हाळा काढणार आहेत. तीन वर्षांपूर्वी अरुळप्पनच्या उघड्या छातीवर लोखंडाचा रस उडाला आणि तो गेला. त्या संध्याकाळी गेटवर मी जे बोललो, तसं पुन्हा बोलता येईल असं वाटत नाही. भट्टीवरचा राजगोपाल मेस्त्री रिकाम्या तेलाच्या डब्यावर ताल धरून लोकांना गोळा करत होता, आणि रेल्वेचे फाटकवालेसुद्धा ऐकायला आले होते. केवढे दिवस होते ते. युनियनच्या खोलीत आम्ही दोघं एका चटईवर निजायचो. त्याचं घोरणं आणि माझं भाषण, दोन्ही सारखीच लांब, असं तो म्हणायचा.

अखेर या पोंगलला, संक्रांतीच्या सुमारास, कोट आले. जाड किंतान, छातीवर ॲस्बेस्टॉसचा थर, गळ्यापर्यंत बटणं, पायांना चामड्याची वेष्टणं, डोक्याला टोपडं. गाठोडी सोडून झटकली तेव्हा कापसासारखा पांढरा भुगा उडाला आणि सगळ्यांनी तो एकमेकांच्या मिशांना फासला. करारातलं सातवं कलम माझं आहे: भट्टीच्या चौथऱ्यावर असेपर्यंत कोट अंगातच राहील, काढील त्याला जागा नाही. उद्या मालकांनी म्हणू नये की आम्ही दिले, यांनीच घातले नाहीत.

९ मे

राजगोपालला कामावरून थांबवलं.

सुपरवायझरचा रिपोर्ट मला वाचून दाखवला. दुपारी चौथऱ्यावर मेस्त्रीने कोट काढून फेकला. पाय लटपटत होते. जीभ जड. "साच्यात पाणी कोणी ओतलं" असं काहीतरी बडबडत त्याने सुपरवायझरला आईवरून शिवी दिली. तोंडाला आंबूस वास. खाली एक ओळ: प्यायलेला असावा.

दारूबंदी आहे या राज्यात. नोकरीचं तर सोडाच, पोलिसांत दिला असता तर गजाआड गेला असता. चौकशी महिनाअखेरीस आहे. ठरलं तर कायमचा गेला. पन्नाशीला आलेल्या ओतकाऱ्याला दुसरा कोण ठेवतो?

राजगोपाल आणि दारू. मी त्याला गेली अकरा वर्षं ओळखतो आणि त्याने माझ्यासमोर विडीसुद्धा ओढली नाही. पण समोर ओढली नाही म्हणजे ओढली नाही असं नाही, हे आज सुचलं. ते सुचल्याचीही लाज वाटली.

११ मे

राजगोपालच्या घरी गेलो होतो. ओट्यावर पाय पसरून बसला होता आणि कृष्णवेणी, त्याची बायको, त्याच्या पोटऱ्यांना तेल लावत होती. गोळे येतात म्हणाली. दोन दिवसांत माणूस वाळल्यासारखा दिसत होता.

मी सरळ विचारलं, "राजगोपाल, प्यायला होतास?"

तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही काय ऐकायला आलात?"

"खरं."

कृष्णवेणी मध्येच म्हणाली, "खरं ते मडक्यात आहे. वास घ्या. रात्रीच्या भातावरचं पाणी, मीठ घालून. आमच्या घरी तीन पिढ्या हेच पिऊन भट्टीवर गेल्या. तुमच्या सुपरवायझरला हेसुद्धा माहीत नाही, मुंबईहून आलाय ना तो?"

"मग कोट का काढलास?" मी त्याला विचारलं.

त्याने पायावरचं तेल पुसलं. "कोट तुम्ही आणलात, अण्णा," एवढंच म्हणाला.

हे काय उत्तर झालं? मी आणला म्हणूनच तर अंगात ठेवायचा. अरुळप्पनला खांदा देताना मी पुढे होतो आणि हा माझ्या शेजारी होता. मी आणखी विचारलं, पण तो गप्प. बाई काही बोलू गेली तर त्याने डोळ्यांनी तिला गप्प केलं. माणूस निर्दोष असेल तर गप्प का बसेल? मी पन्नास चौकशा लढवल्या. निर्दोष माणूस बोलतो, ओरडतो. दोषी माणूस पायाला तेल लावतो.

परत येताना बसमध्ये मला जुना राजगोपाल आठवत राहिला. संपात हातावर तांदूळ वाटणारा, पावसात छत्री नाकारून "अण्णांच्या घशाला द्या" म्हणणारा. कुठे हरवतात अशी माणसं?

१५ मे

गेटसभा. दारूबंदीवर बोललो. राजगोपालचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. म्हणालो, मालकाने आपल्याला उपाशी मारलं तेव्हा आपण मेलो नाही. ज्या दिवशी आपण स्वतः बाटली उचलू त्या दिवशी मरू. म्हणालो, ज्याच्या तोंडाला वास येईल त्याला युनियनमध्ये जागा नाही. वाक्यं चांगली पडली. टाळ्या मात्र तांदळात खडे असावेत तशा, एक इथे, एक तिथे.

मॅनेजरने लगेच त्याचा उपयोग केला. आता गेटवर मडकी तपासतात आणि आंबूस वास आला की बाहेर ओततात. कँटीनमध्ये चहा आहेच, वाटेल तेवढा. मी हरकत घेतली नाही. कँटीन हीसुद्धा आपलीच लढाई होती.

घरी कनकाने विचारलं, "टाळ्या कमी कां?"

"ऊन," मी म्हटलं.

"उन्हांत उभें राहून ऐकणारांस ऊन, आणि कोट घालून उभे राहणारांस काय?" तिने ताक पुढे केलं. मी ते पिताना विचार करत होतो की मागच्या रांगांपर्यंत आवाज गेला की नाही.

१७ मे

चौथऱ्यावर आणखी दोघे पडले. एकाला ओकाऱ्या, दुसरा ज्याच्या-त्याच्या अंगावर धावून जात होता. सुपरवायझरने दोघांची तोंडं हुंगली. वास नव्हता. मॅनेजर मला म्हणतो, "मिस्टर सेतुमाधव राव, आता बिनवासाची दारू निघाली वाटतं."

संतापलो. पण रस्ताभर एकच विचार: लोक खचले आहेत. कोट नकोसा झाला आहे, कारण कोट म्हणजे शिस्त, आणि शिस्त टिकवायला जिद्द लागते. ती आमच्या वेळी होती.

आमच्या वेळी. मला अप्पा आठवले. रामनवमीच्या उत्सवात, ऐन चैत्रात, देवळाच्या मंडपात ते अंगरखा, उपरणं, पगडी, गळ्यात जुईचा भरगच्च हार अशा थाटात उभे राहत. मंडपात मशालींची धग, माणसांची धग. त्यांचा आवाज कधी हलला नाही. दुसऱ्या दिवशी आई अंगरखा विहिरीवर धुवायला काढायची तेव्हा पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा असायच्या, खाडीचं पाणी ओसरल्यावर जमिनीवर उरतात तशा. मी त्या बोटाने खरवडून चाखायचो आणि आई पाठीत धपाटा घालायची. ती विहीर, तो धपाटा, पश्चिम राजवीथीतलं ते अंगण. आता तिथे कोण राहतं कोणास ठाऊक.

२० मे

आज संध्याकाळी कृष्णवेणी युनियनच्या खोलीवर आली. बसली नाही. म्हणाली, "अण्णा, एकच विचारायचंय. तो कोट तुम्ही कधी घातलाय का?"

खोलीत दहाजण होते. सगळ्यांनी एकदम कामं काढली. कोणी कागद उचलला, कोणी पंख्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "सोमवारी गेटवर या. घालून दाखवतो. कोट घालून, टोपडं चढवून, दुपारपाळीच्या वेळी पूर्ण भाषण करीन. भट्टीवरच्या माणसांना कळू दे की हे ओझं नाही, हा मान आहे."

ती म्हणाली, "भाषण नको. नुसता घाला."

२१ मे

कनका बोलत नाही. उमाकांत मात्र वरून उतरून आला. "काका, काहून जिवावर उठता? आमच्याकडे मे महिन्यात कुत्रंसुद्धा बारा ते चार बाहेर पडत नाही. मी कामावर निघालो की आई माझ्या खिशात कांदा ठेवायची."

"कांद्याने काय होतं?"

"काही नाही. कांदा खिशात आहे म्हटल्यावर माणूस सावलीनं जातो." हसला आणि म्हणाला, "मी येतो उद्या. अर्धी रजा टाकतो. तुमचं तमिळ मला कळत नाही, पण पडलात तर उचलायला हातपाय पुरतात."

त्याच्या आईचा कांदा घेतला नाही. अंगरख्यातल्या माणसाचा मुलगा आहे मी.

२४ मे

लिहितो आहे, पण अक्षर माझं वाटत नाही.

सोमवारचं मला फार थोडं आठवतं. गळ्यापर्यंत बटणं लावली ते आठवतं. पहिली वाक्यं आठवतात. मग घाम आला, खूप, आणि मला आनंदच झाला, कारण घाम म्हणजे काम. मग घाम थांबला. बरं वाटलं, गार वाटलं. त्यानंतर मला फक्त जुईचा वास आठवतो.

बाकीचं उमाकांतने सांगितलं. तो खाटेशी बसून केळीच्या पानाने वारा घालत होता.

"अर्धा पाऊण तास झाला असेल. तुम्ही एकदम मराठीत सुरू झालात."

"काय म्हणालो?"

"आधी म्हणालात, मागच्या मंडळींस ऐकूं येतें कां. मग म्हणालात, बायामंडळींस वाट द्या, लेकरें पुढें घ्या. मग झांजेवाल्यावर रागावलात, ताल सुटतो म्हणून. काका, तिथे झांजेवाला नव्हता. दोनशे कामगार होते आणि एकालाही मराठी येत नव्हतं. पण एक माणूस हलला नाही. त्यांना वाटलं असेल, अण्णा संस्कृतात शिव्या देताहेत मालकाला."

मी हसलो तर बरगड्या दुखल्या.

"मग तुम्ही हात जोडून म्हणालात, आतां मध्यंतर, मंडळी, कोणी तरी गा. आणि बसलात. बसलात ते आडवेच झालात."

सभेच्या बंदोबस्ताला एक पोलीस शिपाई होता. तो पुढे आला, वाकला आणि त्याने माझं तोंड हुंगलं. मग लोकांना म्हणाला, उचला, ठाण्यावर नेतो, हा पिऊन आलाय, बोलणं ऐकलं नाही का, पाय बघा. त्या क्षणी गर्दीतून राजगोपाल आला. कामावर नव्हता, तरी आला होता, मागे उभा होता. त्याने शिपायाला बाजूला सारलं, दोन्ही हातांनी कोटाची बटणं तोडली, मला पाण्याच्या टाकीखाली ओढलं आणि कृष्णवेणीने माझ्या तोंडात कांदा नव्हे, मडक्यातलं ते आंबूस पाणी घातलं. गेटबाहेरचं मडकं. गेटबाहेर ते ओतून टाकायला कोणी नव्हतं.

मी. माझं तोंड हुंगलं. पंधरा तारखेला मी काय बोललो होतो?

२६ मे

राजगोपाल आला. कनकाने त्याला आत बोलावून पाटावर बसवलं, जे तिने आजवर कोणासाठी केलं नव्हतं, आणि कॉफी दिली. तो कॉफी पीत होता, मी छताकडे बघत होतो.

"त्या दिवशी तुला असंच झालं होतं?"

"तुमच्याइतकं छान नाही. मी शिवी दिली, तुम्ही कथा केलीत."

"मग सांगितलं का नाहीस? घरी आलो होतो तुझ्या. मी विचारलं होतं."

"अण्णा, तुम्ही दारूचं विचारलं होतं." त्याने पेला वाटीत उपडा केला. "आणि पोंगलपासून चारदा सांगायला आलो होतो. तुम्ही भाषण करत होतात."

मग मी म्हटलं, "आता चौकशीत तरी बोल."

"चौकशीत बोललो की कोट वाईट, तर मॅनेजर म्हणणार, बघा, तुमच्या सेक्रेटरीने काय आणलं. तुमच्या नावाने मी त्याला हसू देऊ? आणि कोट वाईट नाही, अण्णा. फेब्रुवारीत माझ्या बाहीवर रस उडाला होता. बाही जळली, हात नाही." त्याने हात पुढे केला. धड, अखंड हात. "कोट नको असं माझं म्हणणं नाही. पण दोन ओतींच्या मधे आम्ही तिथेच उभे असतो ना, भट्टीकडे बघत, बटणं लावून. ते तुमचं कलम."

तो गेल्यावर मला एक गोष्ट सुचली आणि ती इतकी जवळची होती की आजवर दिसली नव्हती. अप्पांचा आवाज हलला नाही असं मी आयुष्यभर सांगत आलो. पण पूर्वरंग संपला की अप्पा बसत. नेहमी बसत. ती रीतच होती. कोणी तरी गायचं, त्यांना हार घालायचे, बुक्का लावायचा आणि तोवर आई पडद्यामागे त्यांची पगडी उतरवून, अंगरख्याचे बंद सोडून, ओल्या पंच्याने त्यांची मान पुसायची आणि लोटाभर ताक द्यायची. मीच तो लोटा धरून उभा असायचो. लोक तेवढा वेळ पान खात, गप्पा मारत. अप्पा आळशी आहेत असं त्या मंडपात कोणाच्या मनात आलं नसेल. मग बंद बांधून ते पुन्हा उभे राहत, आणि उत्तररंग सुरू.

मला अंगरखा आठवत राहिला. लोटा माझ्याच हातात होता.

३० मे

चौकशी. मॅनेजर, सुपरवायझर, राजगोपाल आणि मी. पंखा जोरात होता आणि कागदांवर दगड ठेवले होते.

मॅनेजरने सुरुवातच माझ्यावर केली. "सातवं कलम तुमचं?"

"माझं."

"काढील त्याला जागा नाही?"

"हो."

"आणि ज्याच्या तोंडाला वास येईल त्याला युनियनमध्येही जागा नाही, हे पंधरा तारखेचं वाक्य तुमचं? आम्हाला फार आवडलं होतं."

मी सुपरवायझरला विचारलं, "सोमवारी मी गेटवर पडलो तेव्हा तुम्ही होतात. माझे पाय कसे होते?"

"लटपटत होते."

"जीभ?"

"जड. काय बोलत होतात कळत नव्हतं."

"शिपायाने तोंड हुंगलं. मी प्यायलो होतो?"

सुपरवायझर चांगला माणूस आहे. त्याने मॅनेजरकडे पाहिलंच नाही. "नाही," म्हणाला.

"मग याच्यात आणि माझ्यात फरक एका मडक्याचा आहे. ते मडकं इथे आहे. कृष्णवेणीने दिलंय. रात्रीचा भात, पाणी, मीठ. घ्या वास."

त्याने वास घेतला. चव घेतली. "हाच वास," म्हणाला. आणि थोडं थांबून आणखी एक घोट घेतला.

मला वाटलं जिंकलो. पण मॅनेजर खुर्चीत मागे टेकला आणि हसला. "मान्य. मेस्त्री प्यायला नव्हता. म्हणजे दोष कोटाचा. कोट सोसत नाहीत, हे तुमचे कामगार म्हणतात, तुमची तब्येत म्हणते. आम्हीही माणसं आहोत. कलम काढा, कोट परत करा. मेस्त्री उद्या कामावर. इथे सही करा."

कागद तयार होता. राजगोपालची नोकरी त्या कागदात होती. एक सही, आणि संध्याकाळी कृष्णवेणीच्या घरी चूल पेटणार. आणि अरुळप्पन? पुढचा अरुळप्पन उघड्या छातीने उभा राहणार, माझ्या सहीवर.

मी राजगोपालकडे पाहिलं. तो आपल्या धड हाताकडे पाहत होता. मग त्याने मान हलवली. नाही म्हणून.

मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: ओत चालू असताना कोट अंगात. ओत संपली की कोट उतरवून माणसं खाली लिंबाच्या सावलीत, पुढची ओत तयार होईपर्यंत. मडकी आत. मेस्त्री कामावर.

"सावलीत बसल्याचा पगार द्यायचा?" मॅनेजरने विचारलं. "कोट एकदा घ्यायचे असतात, मिस्टर राव. वेळ रोज द्यावा लागतो."

"हो," मी म्हटलं, "म्हणूनच कोट मिळाले, वेळ नाही."

माझ्याकडे आणखी तासभराचं भाषण होतं. पण त्या सोमवारपासून आवाज बसला होता, तासभर चालला नसता. मी कागद मॅनेजरपुढे सरकवला. त्याने तो दोनदा वाचला. शेवटी सुपरवायझर म्हणाला, "सर, माणसं पडली की साचे फुटतात. मागच्या पंधरवड्यात पाच साचे गेले."

मॅनेजर तयार झाला, पण एक अट घातली. पंधरा तारखेचं वाक्य मी गेटवर, सर्वांसमोर मागे घ्यायचं. नाहीतर म्हणे मडक्याचा वास आला की रोज कोणी तरी तेच वाक्य घेऊन त्याच्याकडे येईल. मी हो म्हटलं. पाऊस येईपर्यंत हा नियम, पुढचं पुढे, असं त्याने शेवटी जोडलं. त्यावर लढू. पुढची कत्तिरी आहेच.

३१ मे

गेटवर वाक्य मागे घेतलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण. इथे उतरवून ठेवत नाही. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, पण समोरच्या रांगेतल्या एकाने डोक्यावरचा पंचा काढून माझ्याकडे फेकला, डोकं झाका म्हणून. कनका ऐकून म्हणाली, "अखेर कोणाचें तरी ऐकलें."

३ जून

आज चौथऱ्यावर गेलो. नियम कसा चालतो ते पाहायचं होतं. अकरा वर्षांत मी इथे किती वेळा आलो, पण नेहमी हातात कागद घेऊन.

ओत झाली. रसाची शेवटची बादली रिकामी झाली आणि राजगोपालने हात वर केला. माणसांनी टोपडी काढली, बटणं सोडली आणि कोट लाकडी दांडीवर टाकले. कोटांतून वाफ निघत होती. सगळे खाली लिंबाच्या सावलीत आले, मडकं फिरलं, मीही प्यालो. आंबट, खारट, गार. मग एकेक जण पाराला टेकला. राजगोपाल माझ्या शेजारी.

अशी माणसं, एवढी, एकत्र, समोर बसलेली. इतक्या वर्षांची सवय. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "मित्रांनो, आज जो क्षण आपण..."

राजगोपालने डोळे न उघडताच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अण्णा," तो म्हणाला, "ही सुटी आहे."

मी गप्प बसलो. कोणी तरी आधीच घोरत होतं. लिंबातून जरा वारा आला. वर भट्टी घरघरत होती, खोल, एका सुरात, आणि तिला असा आवाज आहे हे मला आजवर माहीत नव्हतं.